‘म्वालिमू’, ‘उजमाआ’, ‘बेपारी’ : न्येरेरे ह्यांच्या भाषाव्यवहाराची समीक्षा

स्वातंत्र्यलढ्यातून पुढे येऊन सत्तापदावर आरूढ झालेल्या पुरुषांच्या चरित्रांची एक ठरीव मांडणी असते. पूर्वार्धात चळवळ, सभा, तुरुंगवास. उत्तरार्धात मंत्रिपद, धोरणे, यशापयश. आणि अखेरीस, जागा उरलीच तर, ‘वक्तृत्व व लेखन’ ह्या मथळ्याचे एक छोटेसे प्रकरण. भाषा ही नेत्याच्या कर्तृत्वाची भूषा होय, कर्तृत्व नव्हे, अशी समजूत ह्या मांडणीच्या मुळाशी असते. टांगानिकाच्या (१९६४ पासून टांझानियाच्या) ज्यूलियस काम्बारागे न्येरेरे ह्यांच्या बाबतीत ही मांडणी निरुपयोगी ठरते. त्यांच्या चरित्रात तुरुंगवासाचे प्रकरणच नाही. १९५८ साली अब्रुनुकसानीच्या खटल्यात ते दोषी ठरले, परंतु दंड भरून मोकळे झाले. त्यांच्या देशाचे स्वातंत्र्य सशस्त्र संघर्षावाचून आले. जे घडले ते बव्हंशी शब्दांच्या द्वारे घडले, आणि ते शब्द न्येरेरे ह्यांच्या मातृभाषेतील नव्हते. म्हणून त्यांच्या राजकीय जीवनाची परीक्षा करावयाची तर ती त्यांच्या शब्दांपासून सुरू करणे क्रमप्राप्त आहे. मराठीच्या अभ्यासकाला ह्या परीक्षेत आणखी एक कारणाने रस वाटावा: ह्या शब्दांपैकी पुष्कळसे त्याच्या ओळखीचे आहेत.

चरित्राचा तपशील थोडक्यात असा. न्येरेरे ह्यांचा जन्म १३ एप्रिल १९२२ रोजी व्हिक्टोरिया सरोवराच्या पूर्वेस असलेल्या बुटियामा गावी, झनाकी ह्या लहानशा जमातीच्या प्रमुखाच्या घरी झाला. झनाकी ही बांटू कुलातील भाषा बोलणाऱ्यांची संख्या अल्प; स्वाहिलीशी त्यांचा परिचय मुख्यतः शाळेच्या वयात झाला. मुसोमा, टबोरा, युगांडातील मकेरेरे आणि १९४९ ते १९५२ ह्या काळात एडिंबरो असे त्यांचे शिक्षण झाले. परतल्यावर ते दार-ए-सलामजवळच्या पुगू येथील शाळेत शिक्षक होते. ७ जुलै १९५४ रोजी टांगानिका आफ्रिकन नॅशनल युनियन, म्हणजे ‘टानू’, ह्या पक्षाची स्थापना होऊन ते तिचे अध्यक्ष झाले, आणि पुढील वर्षी त्यांनी शिक्षकाची नोकरी सोडली. ९ डिसेंबर १९६१ रोजी देश स्वतंत्र झाला. न्येरेरे प्रथम पंतप्रधान, आणि डिसेंबर १९६२ पासून १९८५ पर्यंत राष्ट्राध्यक्ष होते. १४ ऑक्टोबर १९९९ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

ज्या भाषेत त्यांनी राष्ट्र उभे करावयाचे ठरविले तिची घडण येथे लक्षात घ्यावयास हवी. स्वाहिली ही व्याकरणाने शुद्ध बांटू भाषा आहे. नामांचे वर्ग, त्या वर्गांची पूर्वपदे, आणि वाक्यात त्या पूर्वपदांचा होणारा अन्वय ही तिची शरीररचना. शब्दसंग्रहात मात्र शतकानुशतकांच्या सागरी व्यापाराने अरबी, फारसी आणि हिंदी शब्दांचा मोठा साठा येऊन पडलेला आहे. जर्मन राज्यकर्त्यांनी व त्यांच्यानंतर इंग्रजांनी ती कारभारासाठी वापरली. १९३० साली स्थापन झालेल्या आंतरप्रांतीय भाषासमितीने झांझिबारच्या किउंगुजा बोलीच्या आधाराने तिचे प्रमाणरूप निश्चित केले. शंभराहून अधिक भाषा बोलल्या जाणाऱ्या देशात ही भाषा कोणत्याच मोठ्या जमातीची नव्हती, आणि हेच तिचे बळ ठरले. ती स्वीकारल्याने कोणा शेजाऱ्याचे वर्चस्व मान्य केल्यासारखे होत नव्हते.

तिच्या राजकीय शब्दांवर नुसती नजर टाकली तरी मराठी वाचकाला आपल्याच दप्तरातील कागद उलगडल्याचा भास होतो. सरकारला ‘सेरिकाली’, मंत्र्याला ‘वझीरी’, कायद्याचे काम पाहणाऱ्याला ‘वकिली’. राष्ट्राध्यक्षाला ‘राईसी’ म्हणतात. अरबीत ‘प्रमुख’ असा अर्थ असलेला हा शब्द आपल्याकडे ‘रईस’ होऊन श्रीमंत मनुष्याच्या वाट्याला गेला. सर्वांत मननीय शब्द ‘राइया’ हा होय. मूळ अरबीत ‘कळप’ आणि त्यावरून ‘प्रजा’ असा त्याचा अर्थ. मराठीत तोच ‘रयत’. मराठीने रयतेला रयतच राहू दिले, आणि स्वतंत्र देशाच्या घटकासाठी संस्कृतातून ‘नागरिक’ हा निराळा शब्द घेतला, ज्याचा मूळ संबंध नगराशी आहे. स्वाहिलीने तसे केले नाही. तिने त्या प्रजाजनालाच नागरिकाच्या पदावर बसविले आणि भाववाचक ‘उ-’ लावून ‘उराइया’, म्हणजे नागरिकत्व, हा शब्द सिद्ध केला. शब्द तोच राहिला, त्याचा दर्जा बदलला. कोणता मार्ग अधिक श्रेयस्कर, हा प्रश्न येथे अप्रस्तुत आहे. परंतु दोहोंत राष्ट्राविषयीच्या दोन वेगळ्या कल्पना दिसतात हे खरे.

ह्या संदर्भात महाराष्ट्रातील भाषाशुद्धीच्या चळवळीची आठवण अपरिहार्य आहे. सावरकरांच्या दृष्टीने अरबी-फारसी शब्द हे पराभवाचे अवशेष होते. ते काढून टाकल्याखेरीज राष्ट्राचे मन स्वतंत्र होणार नव्हते. ‘महापौर’सारखे सुंदर आणि टिकाऊ शब्द त्या प्रयत्नातून मराठीला मिळाले, हे विरोधकांनाही मान्य करावे लागते. फारसीच्या व्यासंगात वाढलेल्या माधव जूलियनांनीही १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून त्या पक्षास बळ दिले. न्येरेरे ह्यांच्यापुढे ऐतिहासिकदृष्ट्या तसाच पेच होता. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर अरबी ही गुलामांच्या व्यापाऱ्यांचीही भाषा होती. ‘स्वातंत्र्य’ ह्या अर्थी चळवळीने जो ‘उहुरू’ हा शब्द घोषणेत घेतला, त्याचे मूळ ‘हुर्र’, म्हणजे जो गुलाम नाही तो. ‘स्वातंत्र्य’ ह्या संस्कृत शब्दात स्वतःचे तंत्र, स्वतःचा कारभार अभिप्रेत आहे. ‘उहुरू’त मात्र बेडी तुटल्याचा नाद आहे. अरबी शब्द असूनही तो कोणालाही परका वाटला नाही, कारण गुलामाच्या मुक्तीचे नाव गुलामाने धन्याच्या भाषेतून घेतले तरी मुक्ती त्याचीच असते. न्येरेरे ह्यांनी अरबी शब्दांची झाडाझडती केली नाही. शब्द कोठून आला ह्यापेक्षा तो कोणत्या कामाला जुंपता येईल, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या यशाचे आणि अपयशाचेही मूळ ह्या वृत्तीत आहे.

प्रथम त्यांच्या उपाधीकडे वळू या. राष्ट्राध्यक्षपदाच्या काळात आणि नंतरही देश त्यांना ‘म्वालिमू’ म्हणून ओळखत होता. अरबी ‘मुअल्लिम’, म्हणजे शिकविणारा. स्वाहिलीत येताना ‘मु’ ह्या अरबी उपसर्गाला भाषेने आपल्या मनुष्यवर्गाचे पूर्वपद मानले आणि त्यानुसार अनेकवचन ‘वालिमू’ असे केले. परक्या शब्दाचे घरकुलीकरण ते ह्याहून अधिक काय असावे? ह्याच धातूपासून मराठीत ‘तालीम’ आला. फरक एवढाच की आपल्या तालमीत लाल माती असते. आपण स्वेच्छेने शिक्षक आणि अपघाताने राजकारणी झालो, असे न्येरेरे म्हणत, आणि चरित्रकार हे विधान नम्रतेचा नमुना म्हणून आवर्जून देतात. परंतु ते तपासून पाहण्याजोगे आहे. महाराष्ट्रात ‘गुरुजी’ ही उपाधी साने गुरुजींच्या नावाशी कायमची जडली, पण साने गुरुजींच्या हाती कधी शासनाची काठी नव्हती. शिक्षकाच्या हाती राज्य आले की ‘गुरुजी’ ह्या शब्दात दडलेला संबंध बाहेर येतो: शिक्षक जाणता, विद्यार्थी अजाण, शिक्षकाने समजवावयाचे, विद्यार्थ्याने समजून घ्यावयाचे. वर्गात मतदान होत नाही. १९६२ साली खटल्यावाचून अटकेचा कायदा झाला, आणि १९६५ च्या संविधानाने टांझानिया अधिकृतरीत्या एकपक्षीय राज्य झाले. ह्या घटनांची कारणे इतिहासकारांनी शोधावीत. पण ज्या उपाधीने त्या घटना सह्य केल्या तिची जबाबदारी भाषेच्या अभ्यासकाला टाळता येणार नाही.

‘उजमाआ’ हा त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शब्द. वृत्तपत्रांत तो ‘उजामा’ असा लिहिला जातो, आणि ‘समाजवाद’ असे त्याचे भाषांतर करून मोकळे होण्याची प्रथा आहे. ते भाषांतर अपुरे आहे. ‘जमाआ’ म्हणजे कुटुंबातील, नात्यातील माणसे. अरबीतील ज्या धातूतून मराठीला ‘जमाव’ आणि ‘जमात’ मिळाले त्याचेच हे अपत्य. त्याला भाववाचक ‘उ-’ लागून ‘उजमाआ’, म्हणजे नातेपण, कुटुंबभाव. १९६२ साली न्येरेरे ह्यांनी ह्या शब्दावर एक पुस्तिका लिहिली आणि आफ्रिकी समाजवादाचा पाया वर्गसंघर्षात नसून विस्तारित कुटुंबाच्या जुन्या व्यवस्थेत आहे, असे प्रतिपादन केले. ५ फेब्रुवारी १९६७ च्या आरुशा जाहीरनाम्याने तो पक्षाचा कार्यक्रम झाला. दुसऱ्याच दिवसापासून बँकांच्या राष्ट्रीयीकरणास प्रारंभ झाला.

शब्दनिवड म्हणून ‘उजमाआ’ अप्रतिम आहे, हे निःसंकोच सांगावे लागते. युरोपीय समाजवादाचे पुस्तकी शब्द आफ्रिकेतील खेड्यात नेऊन टाकण्याऐवजी त्या खेड्यातील माणसाला आधीच माहीत असलेली एक भावना त्यांनी उचलली व तिला राजकीय अर्थ दिला. त्याच जाहीरनाम्यातील इतर शब्दही ह्या दर्जाचे आहेत. ‘कुजिटेगेमेआ’ ह्यात ‘टेगेमेआ’ म्हणजे टेकणे, अवलंबून असणे, आणि ‘जि’ हे आत्मवाचक पद. मराठीतील ‘स्वावलंबन’ ज्या दोन खांबांवर उभा आहे त्याच दोन खांबांवर हा शब्द उभा आहे. शोषणाला ‘उन्योन्याजी’, ‘न्योन्या’ म्हणजे चोखणे, बाळाने आईचे दूध पिणे. मराठीतील ‘पिळवणूक’ ऊस किंवा ओले वस्त्र डोळ्यांपुढे आणते. स्वाहिली शब्द आईच्या अंगावरच्या बाळाचे चित्र घेऊन त्याला उलटे करतो: ज्याने स्वतः कमवावे असा मोठा माणूस दुसऱ्याच्या अंगाला चिकटून आहे. अर्थशास्त्राच्या एका पानाचे काम असा एक शब्द करतो. पक्षात एकमेकांना ‘न्दुगू’, म्हणजे भावंड, असे संबोधण्याची रीत पडली, तीही ह्या कुटुंबभावाशी सुसंगतच होती.

पण कुटुंबाचे रूपक घेतले की कुटुंबातील उतरंडही आपोआप घेतली जाते. विस्तारित कुटुंबात वडीलधाऱ्याचा निर्णय चर्चेनंतर का होईना, अखेर निर्णयच असतो. उजमाआ खेडी स्वेच्छेने वसावीत, असे न्येरेरे ह्यांनी १९६० च्या दशकात पुनःपुन्हा सांगितले. वेग अपुरा वाटला तेव्हा, नोव्हेंबर १९७३ मध्ये, १९७६ च्या अखेरपर्यंत सर्व ग्रामीण जनतेने खेड्यांत राहावयास यावे असा आदेश निघाला. सक्ती झाली, कित्येक ठिकाणी जुनी घरे पाडली वा जाळली गेली, आणि बहुसंख्य ग्रामीण जनता नव्या वसाहतींत गेली. ह्या मोहिमेचे नाव काय होते? ‘ओपेरेशेनी विजिजी’. ‘विजिजी’ म्हणजे खेडी. परंतु ‘ओपेरेशेनी’ हा इंग्रजी लष्करी शब्द जसाच्या तसा घेतलेला आहे. समजूत घालावयाची होती तोवर घरातला शब्द पुरला. हुकूम द्यावयाची वेळ आली तेव्हा त्या शब्दाला बाजूस सारावे लागले आणि ज्यांचे राज्य गेले होते त्यांच्या छावणीतून एक शब्द मागवावा लागला. नव्या वस्त्यांना पुष्कळदा ‘उजमाआ खेडी’ न म्हणता ‘विकासाची खेडी’ म्हटले जाऊ लागले, आणि १९७५ च्या कायद्याने ‘खेडी’ व ‘उजमाआ खेडी’ असे दोन प्रकार केले. शासनाच्या कोणत्याही अहवालापेक्षा हे नामांतर अधिक प्रांजळ आहे. ‘उजमाआ’ ह्या शब्दाने सक्तीचे ओझे वाहण्याचे नाकारले, असेच म्हणावयास हवे. आणि शब्दाचा हा नकार न्येरेरे ह्यांच्याही कानी पडला असला पाहिजे, कारण शब्दांच्या बाबतीत त्यांचा कान तिखट होता.

तो कान किती तिखट होता ह्याचा पुरावा त्यांच्या भाषांतरांत आहे. राष्ट्राध्यक्षपदी असताना त्यांनी शेक्सपिअरची दोन नाटके स्वाहिलीत आणली. ‘ज्यूलियस सीझर’ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले, १९६९ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती ‘जुलिआसी काइझारी’ ह्या नावाने निघाली, आणि त्याच वर्षी ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’ हे ‘माबेपारी वा वेनिसी’ ह्या नावाने अवतरले. राज्यकर्त्याचा हा विरंगुळा, असे समजून चरित्रकार ह्या पुस्तकांवर एखादे वाक्य खर्च करतात. मराठी वाचकाला येथे आगरकरांचे स्मरण होईल. १८८३ साली त्यांनी ‘हॅम्लेट’चे भाषांतर ‘विकारविलसित’ ह्या नावाने प्रसिद्ध केले. दोघेही लोकशिक्षक, दोघांनीही मूळ शीर्षकाचा अर्थ लावून नवे शीर्षक दिले. आगरकरांच्या हाती सत्ता नव्हती, एवढा फरक मात्र मोठा आहे. समाजसुधारकाने केलेला अर्थ हे मत असते. राष्ट्राध्यक्षाने केलेला अर्थ धोरणाच्या शेजारी जाऊन बसतो.

पहिल्या नाटकाच्या नावातील बदल आधी पाहू. १९६३ च्या आवृत्तीत ‘ज्यूलियस’ हे इंग्रजी वर्णलेखनातच होते. सहा वर्षांनी ते ‘जुलिआसी’ झाले. व्यंजनान्त शब्द स्वाहिलीला मानवत नाही, त्याला अखेरीस स्वर लागतो. हा बदल केवळ मुद्रणाचा नव्हे. तो त्या सहा वर्षांत भाषेने मिळविलेल्या आत्मविश्वासाचा निदर्शक आहे. १९६७ साली स्वाहिली प्राथमिक शिक्षणाचे माध्यम झाली होती आणि राष्ट्रीय स्वाहिली परिषदेची स्थापनाही झाली होती. ‘काइझारी’ हा शब्द तर पूर्व आफ्रिकेत दुहेरी ऐकू येणार: अरबीतून आलेला रोमन सम्राट आणि पहिल्या महायुद्धापर्यंत त्या भूमीवर राज्य करणारा जर्मन कैसर. ‘कैसर-ए-हिंद’ ही पदवी ऐकून वाढलेल्या पिढ्यांना हे नवे वाटू नये. आणखी एक गोष्ट: स्वाहिलीच्या परंपरागत काव्यात अक्षरगणना आणि यमक ही दोन्ही बंधने आवश्यक मानली जात. शाबान रॉबर्टसारख्या थोर कवीने त्याच चौकटीत आपले मुख्य कार्य केले. न्येरेरे ह्यांनी शेक्सपिअरसाठी निर्यमक पद्य योजून त्या चौकटीबाहेर पाऊल टाकले. भाषांतरकाराला मिळणारी ही मोकळीक त्यांनी भाषेच्या कक्षा रुंदावण्यासाठी वापरली, आणि ह्या बाबतीत त्यांचे काम निर्विवाद मोलाचे आहे.

दुसऱ्या नाटकाचे शीर्षक मात्र निर्विवाद नाही. ‘बेपारी’ हा शब्द हिंदुस्थानातून गेलेला आहे; ग्रामीण मराठीतही ‘व्यापारी’चे हे उच्चारण अपरिचित नाही. हिंदी महासागर ओलांडून स्वाहिलीत गेलेल्या भारतीय शब्दांची यादी पाहिली तर तीत ‘हुंडी’, ‘पेसा’, ‘लाकी’ (लाख), ‘बिमा’ (विमा), ‘गारी’ हे शब्द भेटतात. बहुतेक सारी यादी पेढीवरची आहे. आपल्या देशाने त्या भाषेला देवघरातला शब्द क्वचितच दिला. ‘बेपारी’ मुळात साधा व्यापारी. आरुशा जाहीरनाम्याच्या परिभाषेत तो ‘भांडवलदार’ झाला आणि ‘उबेपारी’ म्हणजे भांडवलशाही. न्येरेरे ह्यांच्यापुढे दुसरे शब्द नव्हते असे नाही. अरबीतून आलेला ‘ताजिरी’ होता, आणि ‘व्यापार करणारा’ अशा अर्थाचा सरळ बांटू घडणीचा ‘म्फान्याबिआशारा’ही होता. त्यांनी ‘बेपारी’ निवडला, आणि त्याला ‘मा-’ लावून अनेकवचन केले.

अनेकवचनाचा मुद्दा व्याकरणाचा दिसतो, पण तो नाटकाच्या गाभ्याचा आहे. मूळ शीर्षकातील व्यापारी एक आहे, आणि तो अँटोनिओ. शायलॉक हा सावकार. अँटोनिओ व्याजाविना कर्ज देतो, शायलॉक व्याज घेतो. ह्या भेदावर सारे नाटक तोललेले आहे. अनेकवचनाने हा भेद नाहीसा होतो. अँटोनिओ आणि शायलॉक, ख्रिस्ती आणि ज्यू, तारवे पाठविणारा आणि खत लिहून घेणारा, सारे एकाच वर्गात जाऊन बसतात. एका दृष्टीने हा अर्थ मुळापेक्षा उदार आहे. शेक्सपिअरच्या प्रेक्षकाला शायलॉकचा दोष त्याच्या धर्मात दिसत होता. न्येरेरे ह्यांच्या वाचकाला तो दोष व्यवस्थेत पाहावयास सांगितला आहे, आणि त्या दोषात अँटोनिओही भागीदार आहे. नाट्यवाङ्मयाच्या इतिहासात ज्या पात्राने एका जमातीवर एवढा अन्याय ओढवला, त्याला जमातीच्या तुरुंगातून सोडविण्याचा हा एक मार्ग होता. हे श्रेय भाषांतरकाराला दिलेच पाहिजे.

परंतु व्हेनिसमध्ये जे सुटले ते दार-ए-सलाममध्ये पुन्हा बांधले गेले. स्वाहिली वाचकाच्या अनुभवातील ‘बेपारी’ कोण होता? खेडोपाडी दुकान थाटून बसलेला, कापूस-काजू विकत घेणारा, उधारीची वही ठेवणारा हिंदी मनुष्य. येथे भाषाशास्त्राने एक पथ्य पाळावयास हवे. शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे त्याचा अर्थ नव्हे. ‘बेपारी’ हा शब्द हिंदुस्थानातून आला हे सामान्य स्वाहिली भाषिकाला माहीत असण्याचे कारण नाही, आणि माहीत असले तरी त्याच्या वापरावर त्याचा परिणाम होईल असे नाही. म्हणून ह्या शब्दाने व्युत्पत्तीच्या बळावर हिंदी लोकांना दोषी ठरविले, असा जो आरोप करता येईल, तो तर्काला धरून नाही. दोष ठरविला तो व्युत्पत्तीने नव्हे, संदर्भाने: ज्याच्याकडे बोट दाखवून हा शब्द शिकविला जाई तो माणूस गावात बहुधा हिंदी होता.

आणि हेच न्येरेरे ह्यांच्या जीवनातील खरे द्वंद्व आहे. ऑक्टोबर १९६१ मध्ये, स्वातंत्र्याच्या तोंडावर, नागरिकत्वाच्या कायद्यावर विधिमंडळात वाद झाला. आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच पूर्ण नागरिकत्व असावे असा आग्रह त्यांच्याच पक्षातून पुढे आला. न्येरेरे ह्यांनी तो निक्षून नाकारला. वंशावर नागरिकत्व ठरणार असेल तर आपले शासन राजीनामा देईल, एवढ्या थराला ते गेले. त्यांच्या मंत्रिमंडळात हिंदी वंशाचे अमीर जमाल वर्षानुवर्षे अर्थमंत्री होते. नवस्वतंत्र देशाच्या नेत्याने ह्याहून स्वच्छ भूमिका घेतल्याची उदाहरणे थोडी आहेत. ‘राइया’ ह्या शब्दाला त्यांनी वंश लागू दिला नाही. पण ‘बेपारी’ ह्या शब्दाला वंश आधीच चिकटलेला होता, आणि तो झटकून टाकण्याची शक्ती कोणाही भाषांतरकारात नव्हती. एप्रिल १९७१ मध्ये एक लक्ष शिलिंगांहून अधिक किमतीच्या, मालक स्वतः पूर्णतः राहत नसलेल्या इमारती शासनाने ताब्यात घेतल्या. कायद्यात वंशाचा उल्लेख नव्हता. इमारती बहुसंख्येने हिंदी लोकांच्या होत्या. त्यानंतर हजारो हिंदी कुटुंबांनी देश सोडला. युगांडात पुढच्या वर्षी इदी अमीनने केलेल्या हकालपट्टीशी ह्याची तुलना करणे अन्यायाचे होईल: तेथे वंशाचे नाव घेऊन माणसे घालविली, येथे वर्गाचे नाव घेऊन घरे घेतली. तथापि घर गेलेल्या माणसाला हा भेद समजावून सांगणे कठीणच. न्येरेरे ह्यांनी शब्दाच्या अर्थाची शुद्धी केली, पण त्याच्या संदर्भाची शुद्धी त्यांच्या हाती नव्हती. आणि एवढ्या जाणत्या लेखकाने, तीन शब्द हाताशी असता, त्यांतला हाच शब्द मुखपृष्ठावर घातला, ह्याचे समाधानकारक स्पष्टीकरण केवळ वर्गसिद्धांतातून मिळत नाही.

उत्तरायुष्यातील दोन गोष्टी ह्या चर्चेला जोडून घेणे अवश्य आहे. पहिली शिक्षणाच्या माध्यमाची. प्राथमिक शाळांत स्वाहिली आली, परंतु माध्यमिक शाळेच्या दारात ती थांबली. १९८२ च्या शिक्षण आयोगाने तिला वरच्या इयत्तांत नेण्याची शिफारस केली. शासनाने ती मानली नाही. इंग्रजी ही जगाची स्वाहिली आहे, अशा आशयाचे उद्गार न्येरेरे ह्यांनी १९८४ च्या सुमारास काढले. रूपक चतुर आहे, पण उलटे आहे. देशात कोणाचीच मातृभाषा नसल्यामुळे स्वाहिलीने सर्वांना समान पातळीवर आणले होते. जगात इंग्रजी तसे करीत नाही, ती कोणाची तरी मातृभाषा आहे आणि ज्यांची ती आहे ते पातळीच्या वरच उभे असतात. शेक्सपिअर ज्या भाषेत आणला त्या भाषेत भूमिती शिकविता येणार नाही, असे मानण्यास त्यांच्याच पुस्तकांचा आधार मिळत नाही. महाराष्ट्रातील विद्यापीठांत माध्यमाच्या प्रश्नावर जे बोलले जाते, त्यात हे उदाहरण दोन्ही पक्षांना उपयोगी पडेल, पण सोयीचे कोणालाच पडणार नाही.

दुसरी गोष्ट काव्याची. सत्ता सोडल्यावर न्येरेरे बुटियामाला जाऊन राहिले, आणि कॅथॉलिक श्रद्धेच्या ह्या माणसाने बायबलातील शुभवर्तमाने स्वाहिली पद्यात उतरविण्याचे काम हाती घेतले; १९९६ च्या सुमारास ती प्रसिद्ध झाली. ह्यावेळी त्यांनी निर्यमक पद्य वापरले नाही. त्यांनी ‘उटेंझी’ हा जुना छंद घेतला, ज्यात आठ अक्षरांच्या ओळींचे चरण असतात, तीन ओळी आपसांत यमक जुळवितात आणि चौथी ओळ सबंध काव्यभर एकच यमक सांभाळते. हा छंद किनाऱ्यावरील मुसलमान कवींनी शतकानुशतके पैगंबरांच्या व संतांच्या कथा गाण्यासाठी घडविला होता. ज्या छंदाची बंधने राष्ट्राध्यक्षाने झुगारली होती ती निवृत्त शिक्षकाने आपण होऊन पत्करली, आणि ख्रिस्ताची कथा मुसलमानी वृत्तात, अरबी शब्दांनी भरलेल्या बांटू भाषेत लिहिली. ह्या काव्यात शब्दाला कोणते काम जुंपलेले नाही. त्याची समीक्षा स्वाहिलीच्या जाणकारांनी अजून पुरेशी केलेली नाही. ‘माबेपारी’वर जेवढी शाई खर्च झाली तिच्या दशांशही ‘उटेंझी’च्या वाट्याला आलेली नाही.